दूरच्या पोस्टग्रेस सर्व्हरच्या सेटिंग्ज बदलताना: नव्यांसाठी पायरीवार वाट

पोस्टग्रेस डेटाबेसच्या स्टेटमेंट_टाइमआउट (एखादी क्वेरी जास्तीत जास्त किती वेळ चालू द्यायची) या सेटिंगपुढे मी ३० लिहिलं तेव्हा माझ्या मनात तीस सेकंद होते. पोस्टग्रेसने तीस मिलिसेकंद धरले. सर्व्हर मुंबईत, मी कोल्हापुरात घरी, आणि वेळ संध्याकाळी साडेसहाची, म्हणजे पतसंस्थेचे पिग्मी एजंट दिवसाची वसुली सिंक करतात नेमकी ती. जिला तीस मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागेल ती प्रत्येक क्वेरी रद्द व्हायला लागली आणि पाठोपाठ फोन वाजायला लागले. बदल उलटवायला दोन मिनिटं पुरली असती. पण आपण तो कुठे लिहिला, तो कुठून वाचला जातोय, हेच मला धड ठाऊक नव्हतं. त्यात पाऊण तास गेला.

तेव्हा जे माहीत असायला हवं होतं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुम्हाला एसक्यूएल येतं, लिनक्सच्या टर्मिनलची भीती वाटत नाही, आणि आता अचानक 'तो डेटाबेस सर्व्हर जरा तू बघ' असं कुणीतरी सांगितलंय, असं मी धरून चालते. कुठल्या सेटिंगला कुठला आकडा द्यावा याबद्दल इथे फार काही नाही. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. सर्व्हर समोर नसताना तो आकडा नीट पोचवायचा कसा आणि चुकला तर परत काढायचा कसा, एवढंच.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक गोष्ट. आज्ञा आणि सेटिंग्जची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत, आणि जिथे मी अंडरस्कोर टाकलाय तिथे तो टाकायचाच. उदाहरणं उबुंटू किंवा डेबियनवरच्या पोस्टग्रेस १६ ची आहेत.

आधी हाताशी काय हवं

- सर्व्हरवर स्वतःच्या नावाचं खातं, एसएसएच किल्ली आणि सुडोचा अधिकार. सहकाऱ्याचं खातं उसनं घेऊ नका. उद्या 'हे कुणी केलं?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही.
- डेटाबेसमध्ये सुपरयूझरचा अधिकार. आवृत्ती १५ पासून एखाद्या ठरावीक सेटिंगपुरता अल्टर सिस्टिमचा (सर्व्हरची सेटिंग बदलणारी आज्ञा) अधिकार साध्या रोललाही, म्हणजे डेटाबेसमधल्या खात्यालाही, ग्रँटने देता येतो. तेवढ्याने भागत असेल तर तेवढाच मागा.
- पीएसक्यूएल, म्हणजे टर्मिनलवरून पोस्टग्रेसशी बोलायचं साधन. पीजीअॅडमिन या खिडक्या-बटणांच्या साधनाची सवय असेल तर असू द्या, पण रात्री मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करायची वेळ आली की पीएसक्यूएलच साथ देतं.
- सर्व्हरवर टीमक्स. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की लाइट आणि नेट दोन्ही लपंडाव खेळतात. टीमक्समध्ये सुरू केलेलं काम तुमचं कनेक्शन तुटलं तरी तिकडे चालू राहतं.
- होस्टिंग कंपनीच्या पॅनेलवरच्या कन्सोलचा पासवर्ड. एसएसएच बंद पडलं तर हाच मागचा दरवाजा. तो उघडतोय का हे आजच बघून ठेवा.
- असा बॅकअप, जो कुणीतरी एकदा खरोखर रीस्टोअर करून पाहिलाय.

१. सर्व्हर कुणाचा, ते आधी ओळखा

पोस्टग्रेस तुम्ही स्वतः भाड्याच्या मशीनवर बसवलाय, की अॅमेझॉन आरडीएस, गूगल क्लाउड एसक्यूएल, अॅझ्युअर यांच्यापैकी कुणाकडून तयार सेवा घेतली आहे? तयार सेवा असेल तर या लेखातला निम्मा भाग तुम्हाला लागू नाही. तिथे खरा सुपरयूझर मिळत नाही, फाइलींना हात लावता येत नाही आणि अल्टर सिस्टिमही चालत नाही.

आरडीएसवर सेटिंग्ज 'पॅरामीटर ग्रुप'मध्ये असतात. सुरुवातीला जोडलेला डीफॉल्ट ग्रुप बदलता येत नाही. नवा ग्रुप बनवायचा, तो डेटाबेसला जोडायचा, एकदा रीबूट करायचं, आणि मग त्यात बदल करायचे. हे काम पहिल्याच दिवशी करून टाका, म्हणजे ऐन गर्दीत रीबूट मागायची पाळी येत नाही. गूगलकडे याच गोष्टीला 'फ्लॅग' म्हणतात, अॅझ्युअरकडे 'सर्व्हर पॅरामीटर्स'. गूगलकडे काही फ्लॅग असे आहेत की सेव्ह केल्यावर इन्स्टन्स रीस्टार्ट होतो. बटण दाबण्याआधी त्या फ्लॅगपुढे काय लिहिलंय ते वाचा.

आरडीएसमध्ये शेअर्ड_बफर्सपुढे (पोस्टग्रेसने डेटासाठी राखून ठेवायची मेमरी) मेमरी भागिले ३२७६८ असं सूत्र दिसतं आणि नवा माणूस चक्रावतो. तो आकडा ८ किलोबाइटच्या तुकड्यांमध्ये मोजायचा. ८१९२ गुणिले चार म्हणजे ३२७६८, म्हणजेच एकूण मेमरीचा पाव हिस्सा.

पुढचं सगळं स्वतःच्या मशीनवरच्या पोस्टग्रेसबद्दल.

२. आत जायची वाट बांधा

पोस्टग्रेस ५४३२ या पोर्टवर ऐकतो, आणि लिसन_अॅड्रेसेस ही सेटिंग मुळात लोकलहोस्ट असते. म्हणजे बाहेरच्या कुणालाही तो दिसत नाही. लांबून काम करायचंय म्हणून नवे लोक पहिल्या झटक्यात या सेटिंगपुढे तारांकन (म्हणजे सगळे पत्ते) टाकतात, पीजी_एचबीए.कॉन्फ या आत कुणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलीत सगळ्या जगाला परवानगी देतात आणि 'चाललं बुवा' म्हणून निःश्वास सोडतात. हे करू नका. वाडा मोकळा सोडून गावाला गेल्यासारखं आहे ते.

त्याऐवजी एसएसएचचा बोगदा वापरा. एसएसएचला उणे एल पर्याय द्यायचा आणि पुढे ६५०१:लोकलहोस्ट:५४३२ असं लिहायचं. मग तुमच्या लॅपटॉपवरचं ६५०१ पोर्ट थेट सर्व्हरच्या ५४३२ ला जोडलं जातं आणि बाहेर काहीच उघडावं लागत नाही.

लॅपटॉपच्या बाजूला मुद्दाम ५४३२ ठेवलेलं नाही, आणि त्यामागे एक वाईट सापळा आहे. तुमच्या लॅपटॉपवरही पोस्टग्रेस बसवलेला असेल तर ते पोर्ट आधीच भरलेलं असतं. एसएसएच 'पत्ता वापरात आहे' एवढी एक ओळ छापून पुढे बिनदिक्कत आत सोडतं. तुम्ही पीएसक्यूएल उघडता, लोकलहोस्टला जोडता, आणि पोचता स्वतःच्याच लॅपटॉपवरच्या डेटाबेसमध्ये! तिथे सेटिंग बदलून 'सर्व्हरवर फरक का पडत नाही' म्हणून तास घालवलेले लोक मी पाहिले आहेत. उलट प्रकार जास्त भयंकर: लॅपटॉपवर आहोत असं समजून खऱ्या सर्व्हरवर प्रयोग. म्हणून तीन सवयी लावा.

एक, एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर' चालू ठेवा. बोगदा बांधता आला नाही तर कनेक्शनच होणार नाही.

दोन, प्रत्येक सर्व्हरला कायमचं वेगळं पोर्ट नेमून द्या. माझ्याकडे खरा सर्व्हर ६५०१, चाचणीचा ६५०२. पीएसक्यूएलच्या प्रॉम्प्टमध्ये पोर्ट दिसेल अशी सोय करता येते. खऱ्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट मी लाल केलाय.

तीन, आत गेल्यावर पहिली आज्ञा 'शो डेटा_डिरेक्टरी'. उत्तर ओळखीचं आलं तरच पुढे.

पासवर्ड दरवेळी टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून लोक .पीजीपास फाइल करतात. तिची परवानगी ०६०० नसेल तर पीएसक्यूएल ती फाइल सरळ दुर्लक्षित करतं आणि तुम्ही पासवर्ड चुकलाय असं समजत बसता.

३. बदलण्याआधी आहे ते पाहा

पोस्टग्रेसचं एक फार चांगलं आहे. तो स्वतःबद्दल सगळं सांगतो, फक्त विचारावं लागतं. पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये प्रत्येक सेटिंगची एक ओळ असते. त्यातले पाच रकाने कायम बघायचे: सेटिंग (आकडा), युनिट (एकक), काँटेक्स्ट (बदल केव्हा लागू होईल), सोर्स (आकडा कुठून आला) आणि सोर्सफाइल (कुठल्या फाइलीतून).

माझा पाऊण तास वाचवला असता तो या सोर्सफाइलने. मी पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ उघडून त्यात स्टेटमेंट_टाइमआउट शोधत होते, आणि तिथे ती ओळ नव्हतीच.

आवृत्ती १५ पासून पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश डीकॉन्फिग ही आज्ञा आली. नुसती दिली की मूळ डीफॉल्टपेक्षा वेगळ्या असलेल्या सेटिंग्ज तेवढ्या दाखवते. नवा सर्व्हर ताब्यात आला की मी आधी ही यादी एका फाइलीत उतरवून ठेवते. आपल्याआधी इथे कोण राहून गेलं आणि त्याने काय काय ठोकाठोक केली, ते त्यातून कळतं.

४. बदल केव्हा लागू होणार?

काँटेक्स्ट रकान्यात काय आहे त्यावर सगळं ठरतं.

'यूझर' किंवा 'सुपरयूझर' असेल तर चालू सेशनमध्येही बदल करून बघता येतो. वर्क_मेम (सॉर्ट किंवा हॅश करताना वापरायची मेमरी), रँडम_पेज_कॉस्ट, लॉग_मिन_ड्युरेशन_स्टेटमेंट या जातीच्या. 'साइगहप' असेल तर फाइलीत लिहून रीलोड करायचं, म्हणजे सर्व्हर बंद न करता फाइली पुन्हा वाचायला लावायच्या. मॅक्स_वॉल_साइज अशी आहे. 'पोस्टमास्टर' असेल तर रीस्टार्टशिवाय गत्यंतर नाही. शेअर्ड_बफर्स, मॅक्स_कनेक्शन्स, वॉल_लेव्हल, शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज यात येतात.

पोस्टमास्टर प्रकारातली सेटिंग दिसली की हात आखडता घ्या. विशेषतः मॅक्स_कनेक्शन्स. मूळ आकडा १०० असतो, अॅपला कनेक्शन मिळेना झालं की सगळ्यांना तो ५०० करावासा वाटतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते. आकडा वाढवण्याऐवजी पुढे पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शनं अनेकांना आळीपाळीने वाटून देणारा मध्यस्थ) बसवणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

५. बदल नेमका कुठे लिहायचा?

खरी गोंधळाची जागा ही. एकच सेटिंग अनेक ठिकाणी लिहिलेली असू शकते आणि त्यांच्यात मानपान ठरलेला आहे.

सगळ्यात खाली पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ. डेबियन-उबुंटूवर ती इटीसी फोल्डरमध्ये, पोस्टग्रेस्क्यूएल, मग १६, मग मेन असा पत्ता. तिच्यात एकच सेटिंग दोनदा असेल तर शेवटची ओळ खरी. वरची ओळ बदलत बसलात आणि तळाशी कुणी जुनीच ठेवली असेल, तर काहीच घडत नाही.

तिच्यावर पोस्टग्रेस्क्यूएल.ऑटो.कॉन्फ. आवृत्ती ९.४ मध्ये अल्टर सिस्टिम आली आणि तिच्यासोबत ही फाइल. अल्टर सिस्टिम सेट असं जे काही तुम्ही लिहाल ते हिच्यात जातं, आणि ही सगळ्या फाइलींनंतर वाचली जाते. म्हणजे दोन्हींत ओळ असेल तर ऑटो.कॉन्फ जिंकते. आता गंमत बघा: उबुंटूवर ही फाइल इटीसीत नसतेच, ती डेटा फोल्डरमध्ये असते. माझे तीस मिलिसेकंद तिथे जाऊन बसले होते.

फाइलींच्या वर डेटाबेसनिहाय सेटिंग (अल्टर डेटाबेस सेट), त्यावर रोलनिहाय (अल्टर रोल सेट), त्यावर विशिष्ट डेटाबेसमधल्या विशिष्ट रोलची, आणि सगळ्यात वर सेशनमध्ये दिलेली सेट. डेटाबेस आणि रोलच्या सेटिंग्ज फक्त नव्या कनेक्शनला लागू होतात. त्यांची यादी बॅकस्लॅश डीआरडीएस या आज्ञेने मिळते. तुम्ही सुपरयूझर म्हणून आत जाता, शो वर्क_मेम विचारता आणि ४ एमबी बघून समाधानी होता; पण अॅपचा रोल २५६ एमबी घेऊन बसलेला असू शकतो.

मग वापरायचं काय? माझं मत असं. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइली गिट आणि अॅन्सिबल (सर्व्हरवर फाइली आपोआप लिहिणारं साधन) यांच्यातून येत असतील तर अल्टर सिस्टिम कुणीच वापरू नये. अॅन्सिबल इमानेइतबारे पोस्टग्रेस्क्यूएल.कॉन्फ लिहीत राहतो आणि ऑटो.कॉन्फ वरून त्याला झाकून टाकते. सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाला काही उमगत नाही. आवृत्ती १७ मध्ये यासाठीच अलाउ_अल्टर_सिस्टिम ही सेटिंग आली, ती ऑफ केली की रस्ताच बंद. याउलट एकच सर्व्हर असेल, माणूस एकटा असेल, तर अल्टर सिस्टिम उत्तम. लिहितानाच आकडा वैध आहे का ते तपासते आणि फाइल हाताने उघडावी लागत नाही. दोन्हींची खिचडी मात्र नको.

आणि शक्य तेव्हा सगळ्या सर्व्हरला हात लावण्याऐवजी रोलनिहाय सेटिंग करा. महिनाअखेरचे जड अहवाल काढणाऱ्या रोलला मोठा वर्क_मेम द्या, बाकीच्यांना नको. वर्क_मेम हा प्रत्येक कनेक्शनला एकदा मिळत नाही, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशला वेगळा मिळू शकतो. सगळ्यांना ६४ एमबी दिला, शंभर कनेक्शनं एकाच वेळी प्रत्येकी दोन सॉर्ट करायला लागली, तर साधारण साडेबारा जीबी लागतील. आमचा सर्व्हर तेव्हा आठ जीबीचा होता. स्टेटमेंट_टाइमआउटचंही तसंच. ती सगळ्या सर्व्हरला लावायची गोष्टच नव्हे, अॅपच्या रोलला लावायची.

६. एकक आणि अवतरणचिन्हं

एकक लिहिलं नाही तर पोस्टग्रेस स्वतःचं मूळ एकक धरतो, आणि ते सेटिंगगणिक वेगळं असतं. स्टेटमेंट_टाइमआउटचं मिलिसेकंद. वर्क_मेमचं किलोबाइट. शेअर्ड_बफर्सचं ८ किलोबाइटचा तुकडा.

वर्क_मेमपुढे ६४ एमबीच्या ऐवजी नुसतं ६४ लिहिलंत तर ६४ किलोबाइट होतात. आणि दुर्दैव असं की ६४ किलोबाइट हीच या सेटिंगची किमान मर्यादा आहे, म्हणून पोस्टग्रेस कुरकुर न करता मान्य करतो. अहवाल वेगवान करायला गेलात आणि ते दसपट रेंगाळले, तर आधी इथे बघा. शेअर्ड_बफर्सपुढे नुसतं ४ लिहिलं तर निदान चूक दाखवली जाते, कारण ते किमान मर्यादेच्या खाली जातं.

म्हणून नियम एकच: एकक कायम लिहायचं, एकेरी अवतरणचिन्हात, जसं '६४एमबी' किंवा '३०एस'. रोमनमध्ये लिहिताना लहान-मोठी अक्षरंही पाहा. किलोबाइटमधलं के लहान आणि बी मोठं. एमबी, जीबी दोन्ही मोठी.

अवतरणचिन्हांचा दुसरा सापळा याहून वाईट आहे, कारण त्यात सर्व्हर उठतच नाही. शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज ही यादीवाली सेटिंग आहे: सर्व्हर सुरू होताना कुठल्या जोड-लायब्ररी चढवायच्या त्यांची नावं. समजा तुम्हाला पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स आणि ऑटो_एक्सप्लेन दोन्ही हवेत. अल्टर सिस्टिममध्ये दोन्ही नावं स्वल्पविरामासकट एकाच अवतरणात लिहिलीत, तर पोस्टग्रेस ते सगळं मिळून एकच नाव समजतो. आज्ञा यशस्वी होते. रीस्टार्ट करेपर्यंत सगळं आलबेल. रीस्टार्ट केल्यावर तो त्या लांबलचक नावाची फाइल शोधतो, ती सापडत नाही, आणि तो सुरू व्हायला नकार देतो. बरोबर पद्धत: प्रत्येक नावाला स्वतंत्र अवतरण, मध्ये स्वल्पविराम. शिवाय ही आज्ञा जुन्या यादीत भर घालत नाही, यादीच बदलते. आधी काय होतं ते बघून सगळी नावं पुन्हा लिहावी लागतात.

७. रीलोड आणि पडताळणी

बदल लिहिला की 'सिलेक्ट पीजी_रीलोड_कॉन्फ()'. उत्तर टी, म्हणजे ट्रू. नवा माणूस इथे थांबतो. त्या टीचा अर्थ 'निरोप पोचवला' इतकाच आहे, 'बदल लागू झाला' असा नाही.

फाइल हाताने बदलली असेल तर रीलोडच्या आधी पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू बघा. फाइलीत आत्ता काय लिहिलंय ते तो दाखवतो, आणि एरर रकान्यात कुठल्या ओळीत चूक आहे तेही. रीलोड केल्यावर पुन्हा पीजी_सेटिंग्ज. त्यात पेंडिंग_रीस्टार्ट हा रकाना ट्रू असेल तर तो बदल रीस्टार्टची वाट बघत बसलाय. मागच्या माणसाने करून ठेवलेले असे झोपलेले बदलही इथेच सापडतात. ते आधी समजून घ्या, नाहीतर तुमच्या रीस्टार्टबरोबर त्याचा बदल जागा होईल आणि बोल तुम्हाला लागेल.

स्टेटमेंट_टाइमआउटसारखं काही अंगाशी आलंच, तर क्रम असा: पहिल्यांदा आपल्या सेशनमध्ये सेट स्टेटमेंट_टाइमआउट = ०, म्हणजे आपल्याच आज्ञा कापल्या जाणार नाहीत. मग अल्टर सिस्टिम रीसेट स्टेटमेंट_टाइमआउट. मग रीलोड. अल्टर सिस्टिम ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, त्यामुळे बिगिन लिहून सुरुवात करायची सवय असेल तर इथे सोडा.

८. रीस्टार्ट

वेळ ठरवताना घड्याळापेक्षा धंदा बघा. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते आठ पिग्मी, महिनाअखेरीस व्याज, आणि ३१ मार्चच्या आसपास तर सर्व्हरकडे वाकडी नजरही करायची नाही. तुमच्याकडची अशी वेळ कोणती, ते काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारा. मॅनेजरला नेहमीच ठाऊक असतं असं नाही.

रीस्टार्टच्या आधी पीजी_स्टॅट_अॅक्टिव्हिटी बघा: पीजी_डंप (बॅकअप) चालू आहे का, एखादं ट्रान्झॅक्शन तासभर उघडं पडलंय का. मग हाताने 'चेकपॉइंट' ही आज्ञा द्या. बंद होताना पोस्टग्रेसला मेमरीतली बदललेली पानं डिस्कवर उतरवावी लागतात. आधीच एक चेकपॉइंट झाला असेल तर ते काम थोडं उरतं आणि सर्व्हर बंद असण्याचा काळ घटतो. मग टीमक्समधून सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट. उबुंटूवर सर्व्हिसचं पूर्ण नाव पोस्टग्रेस्क्यूएल@१६-मेन असं असतं.

सर्व्हर उठला की अॅपकडे बघा. काही अॅप तुटलेलं कनेक्शन आपणहून पुन्हा जोडत नाहीत, त्यांनाही रीस्टार्ट लागतो.

९. उठलाच नाही तर

घाबरू नका. सेटिंगच्या चुकीने डेटा कुठे जात नाही, सर्व्हर फक्त अडून बसलेला असतो. व्हीएआर, लॉग, पोस्टग्रेस्क्यूएल या फोल्डरमधल्या लॉगच्या शेवटच्या वीस ओळी वाचा. बहुतेक वेळा सेटिंगचं नाव तिथे लिहिलेलं असतं.

आता सर्व्हर बंद असल्यामुळे अल्टर सिस्टिम रीसेट देता येत नाही. ऑटो.कॉन्फच्या डोक्यावर 'ही फाइल हाताने बदलू नका' असं लिहिलेलं आहे, पण सर्व्हर बंद असतानाची अडचण हा त्याला रास्त अपवाद. फाइलीची प्रत काढा, चुकलेली ओळ तेवढी काढा, मालक पोस्टग्रेस हाच राहील याची काळजी घ्या, सुरू करा. मी आता पोस्टमास्टर प्रकारच्या प्रत्येक बदलाआधी दोन्ही फाइलींची प्रत तारखेसकट बाजूला ठेवते, म्हणजे अशा वेळी विचार करावा लागत नाही.

शेअर्ड_बफर्स मेमरीच्या मानाने अवाजवी दिला असेल तर लॉगमध्ये मेमरी मिळाली नाही अशी तक्रार दिसते. स्वतंत्र डेटाबेस सर्व्हरसाठी एकूण मेमरीच्या पाव भागापासून सुरुवात करावी असं पोस्टग्रेसची अधिकृत माहितीही सांगते. त्याच मशीनवर अॅपही चालत असेल तर त्याहून कमी.

१०. पीजी_एचबीए.कॉन्फ: दार बाहेरून लावून घेऊ नका

कुणी, कुठून, कसं आत यायचं हे या फाइलीत. ती वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. त्या ओळीत पासवर्ड चुकला तर पुढची ओळ बघितली जात नाही, तिथेच नकार. त्यामुळे नवी ओळ तळाशी घालून 'चालत का नाही' असं विचारण्याआधी वर एखादी सर्वसमावेशक ओळ आहे का ते पाहा. बोगद्यातून आलेलं तुमचं कनेक्शन सर्व्हरला १२७.०.०.१ वरून आल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला 'होस्ट'ची ओळ लागते; सर्व्हरवर बसून सॉकेटने जोडलंत तर 'लोकल'ची.

पद्धत स्क्रॅम-एसएचए-२५६ ठेवा. 'ट्रस्ट' म्हणजे पासवर्डच नको. 'तात्पुरतं' म्हणून टाकलेले ट्रस्ट वर्षानुवर्षं राहिलेले सापडतात.

रीलोडआधी पीजी_एचबीए_फाइल_रूल्स या व्ह्यूचा एरर रकाना बघा. रीलोड केल्याने चालू कनेक्शनं तुटत नाहीत, त्यामुळे एक पीएसक्यूएल उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवं कनेक्शन जोडून बघा. अॅपच्या रोलनेही जोडून बघा, फक्त स्वतःच्या नाही.

फायरवॉल किंवा एसएसएचची सेटिंग बदलणार असाल तर आणखी एक दोर बांधा. 'अॅट' या आज्ञेने दहा मिनिटांनी जुनी फाइल परत ठेवून सर्व्हिस रीलोड करणारं काम लावून द्या आणि मगच बदल करा. सगळं ठीक असेल तर ते काम रद्द करायचं. नसेल, तर चहा घेऊन या. दार आपोआप उघडेल.

११. रेप्लिका असेल तर

रेप्लिका म्हणजे मुख्य सर्व्हरचे बदल सतत घेत राहणारी त्याची प्रत. कॉन्फिग फाइली आणि अल्टर सिस्टिमचे बदल रेप्लिकाकडे जात नाहीत, ते तिथे वेगळे करावे लागतात. रोल आणि डेटाबेसवर लावलेल्या सेटिंग्ज मात्र आपोआप पोचतात, कारण त्या कॅटलॉगमध्ये असतात. मॅक्स_कनेक्शन्स वाढवायचं असेल तर आधी रेप्लिकावर, मग मुख्य सर्व्हरवर. कमी करायचं असेल तर उलट क्रम. रेप्लिकावरचा आकडा मुख्यपेक्षा कमी पडला तर ती पुढचे बदल लावायचं थांबते.

१२. नोंद

मी एक साधी मजकूर फाइल ठेवते, गिटमध्ये. त्यातली एक नोंद जशीच्या तशी:

१२ जून, रात्री १०:४०. वर्क_मेम, फक्त अहवाल रोलसाठी, ४ एमबीवरून ६४ एमबी. कारण: थकबाकी अहवालाचा सॉर्ट डिस्कवर जात होता. रीस्टार्ट नाही, अहवालाचं अॅप एकदा बंद-चालू केलं. तपासलं: नव्या कनेक्शनमध्ये शो वर्क_मेम, ६४ एमबी. उलटवायचं झाल्यास: अल्टर रोल अहवाल रीसेट वर्क_मेम, आणि अॅप पुन्हा बंद-चालू.